दिवा लागतो, पण पुढची चाकं ओढत नाहीत

जुनी, स्वस्तातली फोर बाय फोर (चारही चाकांना ओढ देऊ शकणारी गाडी) विकणारा दर वेळी खोटं बोलतोच असं नाही. पुष्कळदा तो खरं तेच सांगतो आणि त्या खऱ्याच्या आड गाडीतली खोट लपवतो. "कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील लावायचं नसतं" हे शंभर टक्के बरोबर आहे. पार्ट-टाइम प्रकारात, म्हणजे दांडा हलवला तरच फोर व्हील लागतं अशा गाडीत, ट्रान्सफर केस (पुढे-मागे ओढ वाटणारी गिअरपेटी) पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट (ओढ एक्सलकडे नेणारा फिरता रॉड) एकमेकांना घट्ट जोडून टाकते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत तेवढा फरक घसरून निघून जातो. डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो. म्हणून हा सल्ला. पण तो ऐकला की घेणारा चाचणीच्या फेरीत गिअरशेजारचा दुसरा, फोर व्हील लावायचा दांडा हलवतच नाही. जागेवर उभ्या उभ्या हलवला तर डॅशबोर्डवरचा दिवा लागतो, दोघंही मान डोलावतात आणि इसार दिला जातो.

ज्या व्यवहाराबद्दल हे लिहिलंय तो नेमका या एका वाक्यावर झाला. गाडी लॅडर फ्रेमवरची (शिडीसारख्या सांगाड्यावर बॉडी बसवलेली), वीस वर्षांपेक्षा जुनी, पुढे चाकं एक्सलच्या शाफ्टला जोडणारे-सोडणारे, हाताने फिरवायचे लॉकिंग हब. जाहिरातीत "ऑफ-रोडला तयार": उंच केलेलं सस्पेन्शन, मोठे टायर, स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी), पुढे विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची केबलची चरखी). घेणारा या छंदात अगदी नवखा.

पहिल्याच ओल्या चढावर गाडी बसली. मागची चाकं जागच्या जागी फिरून खड्डा करत होती आणि पुढची दोन्ही गप्प उभी होती. आत बसलेल्याला हे दिसत नाही. त्याला फक्त इंजिनाचा आवाज ऐकू येतो आणि मागे उडणारा चिखल दिसतो. त्यामुळे त्याला वाटलं, आपल्यालाच चालवता येत नाही. विकणाऱ्याला विचारलं तर पुन्हा खरे सल्ले: टायरची हवा उतरवा, एकदम रेस देऊ नका, चढाला लागायच्या आधीच लो (फोर एल, हळू पण जोरदार गिअर) लावा. रस्त्यावर ३० ते ३२ पीएसआय ठेवतो ती हवा मातीत २०च्या आसपास आणली की टायर पसरतो आणि पकड वाढते, हे कुणीही सांगेल. हवा उतरवल्यावर तीच गाडी तोच चढ थोडा जास्त चढली आणि पुन्हा बसली. म्हणजे सल्ला लागू पडला असं वाटायलाही जागा राहिली. नवख्याने चांगली फोर बाय फोर कधी चालवलेलीच नसते. ती कशी ओढते हे त्याला कशाशी ताडून बघणार?

आधी त्या दिव्याविषयी. बहुतेक जुन्या गाड्यांत दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर बसवलेला असतो. आतला फोर्क सरकला की दिवा लागतो. तिथून चाकापर्यंत ओढ पोचायला पुढे प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी गिअरची जोडी), हाफ शाफ्ट (तिथून एकेका चाकाकडे जाणारा शाफ्ट), सीव्ही जॉइंट (वळत्या चाकापर्यंत ओढ नेणारा सांधा) आणि हब एवढं सगळं शाबूत लागतं, आणि त्यातलं काहीही दिव्याला कळत नाही. पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढून माळ्यावर ठेवला तरी दिवा इमानेइतबारे लागतो.

याला उत्तर एक जॅक आणि दहा मिनिटं. सपाट, कडक जमीन. इंजिन बंद, किल्ली खिशात. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. पुढचं कुठलंही एक चाक जमिनीपासून बोटभर उचला आणि एक्सलखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर भरवसा नको, आणि गाडीखाली शिरायची गरजही नाही. हब मोकळे, दांडा टू एचवर (ओढ फक्त मागच्या चाकांना): उचललेलं चाक हाताने सहज फिरायला हवं. आता दोन्ही हब लॉक करा, दांडा फोर एचवर (ओढ चारही चाकांना) घ्या, चाक पुन्हा फिरवा. नीट असलेल्या गाडीत ते थोडं खुळखुळेल आणि अडेल. मागची चाकं जमिनीवर आहेत म्हणून मागचा शाफ्ट अडलेला, तो अडलेला म्हणून पुढचा अडलेला, आणि पुढचं दुसरं चाकही जमिनीवर. फिरायला वाट कुठे आहे? तरीही चाक गरगर फिरलं तर साखळी कुठेतरी तुटलेली आहे. या अवस्थेत इंजिन मात्र चुकूनही चालू करायचं नाही, गाडी स्टँडवरून उडी मारते. सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या शाफ्टना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) असलेल्या, कायम चारही चाकांना ओढ देणाऱ्या फुल-टाइम गाडीत आधी त्याचं लॉक लावावं लागतं, नाहीतर चाचणी निरर्थक.

या गाडीत चाक गरगर फिरलं. दुसऱ्या बाजूचं उचललं, तेही फिरलं. त्यावरून वाटतं दोन्ही बाजू गेल्या, पण डाव्या हबचं झाकण उघडल्यावर खरी गोष्ट कळली. झाकणाच्या बोल्टांच्या कडा पान्याने घासून चकाकलेल्या होत्या. एवढ्या जुन्या, ग्रीस-मातीने माखलेल्या गाडीत फक्त तेवढेच बोल्ट ताजे. आत, शाफ्टला आणि हबला एकत्र बांधणारी दातेरी रिंग नव्हतीच. बाहेरचा नॉब 'फ्री'वरून 'लॉक'वर व्यवस्थित फिरत होता, आत पकडायला काही नव्हतं. उजवा हब पूर्ण शाबूत. एकाच बाजूची रिंग काढून काम भागलं, कारण एक्सलमधला साधा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला ओढ वाटणारे गिअर) ज्या बाजूला विरोध नाही तिकडे फिरत सुटतो. डावीकडचा हाफ शाफ्ट हवेत फिरत राहतो आणि उजव्या चाकाला काही मिळत नाही. खालून वाकून बघणाऱ्याला सगळे शाफ्ट जागेवर दिसतात. काम करणाऱ्याला यंत्र चांगलं कळत होतं, एवढं मान्य करायला हवं.

इथवर आलेला माणूस साहजिकच म्हणतो, रिंग आणू, बसवू, संपलं. रिंग आणली, बसवली. पहिल्या कच्च्या रस्त्यावर फोर एच लावताच गाडी सरळ जातानाही आखडायला लागली. स्टिअरिंग जड, पुढची चाकं खडीवर खरडत चाललेली, आणि थांबल्यावर दांडा टू एचवर परत येईना. चार-पाच फूट रिव्हर्स घेतल्यावर पीळ सुटला आणि दांडा ठक्कन निघाला. असंच आणखी चालवलं असतं तर ट्रान्सफर केसची चेन किंवा गिअर गेले असते. रिंग हरवली नव्हती, झिजलीही नव्हती. ती मुद्दाम काढली होती, कारण ती असताना गाडी फोर व्हीलमध्ये चालूच शकत नव्हती.

मूळ दुखणं पुढच्या एक्सलमध्ये होतं. जुना एक्सल कधीतरी निकामी झाला आणि भंगारातून त्याच मॉडेलचा, पण वेगळ्या इंजिनाच्या गाडीचा एक्सल आणून बसवला गेला. बोल्टाला बोल्ट जुळतो, बाहेरून फरक ओळखू येत नाही. पण एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सनुसार कंपन्या क्राउन-पिनियनचं गुणोत्तर (शाफ्टच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी) वेगवेगळं देतात. मागे ३.७३, पुढे ४.१०. दोन्हींत क्राउनला ४१च दाते. एका पिनियनला ११, दुसऱ्याला १०. एका दात्याचा फरक, आणि तोही बंद हाउसिंगच्या आत. दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरत असताना मागची चाकं १०० मीटर जायला बघतात तेव्हा पुढची जेमतेम ९१. म्हणजे पुढची चाकं ओढायच्या ऐवजी ब्रेक लावतात. टायरच्या झिजेने एखादा टक्का इकडे-तिकडे झालेला मातीत खपून जातो, ९ टक्के खपत नाहीत.

हे विकत घेण्याआधी मोजता येतं. पुढचं एक चाक वर, दुसरं जमिनीवर, दोन्ही हब लॉक, दांडा टू एच, मागच्या चाकांना ठोकळे. पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. एकाने चाक बरोबर २० फेऱ्या फिरवायचं, दुसऱ्याने बाजूला बसून शाफ्टच्या फेऱ्या मोजायच्या. दुसरं चाक अडलेलं असल्याने डिफरन्शियल अर्ध्याच फेऱ्या फिरतो, म्हणून २० भागिले २, म्हणजे १०. शाफ्ट ४१ फेऱ्या फिरला तर ४.१०, ३७ आणि वर थोडा फिरला तर ३.७३. मग तसंच मागे: पुढच्या दोन्ही चाकांना आणि मागच्या जमिनीवरच्या चाकाला ठोकळे, मुख्य गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एकाच चाकाला मोकळं सुटू न देणारा) असेल तर एक चाक फिरवून जमत नाही. दोन्ही चाकं उचलून एकत्र १० फेऱ्या फिरवाव्या लागतात. गाडीच्या आयडी प्लेटवर किंवा एक्सलच्या पत्र्याच्या टॅगवर गुणोत्तर लिहिलेलं असतं, पण टॅग एका बोल्टवर बदलता येतो. फेऱ्या बदलता येत नाहीत.

एवढं कळल्यावर बाकीचा साज बघितला. स्नॉर्कल तपासायचं तर इंजिन आयडलवर ठेवून वरच्या तोंडावर तळहात घट्ट दाबायचा. हवा फक्त तिथूनच जात असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. या गाडीचं इंजिन मजेत चालू राहिलं, म्हणजे नळी शोभेची आणि एअर बॉक्सला खाली भोक तसंच. असल्या स्नॉर्कलच्या भरवशावर पाण्यात घातलेली गाडी सिलिंडरमध्ये पाणी ओढते. पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. विंच पुढच्या पातळ बंपरलाच आवळलेली, फ्रेमला नाही. तिने गाडी निघण्याआधी बंपर निघाला असता. मोठ्या टायरने आणखी एक सोय होते: २९ इंचांच्या जागी ३१ इंचांचे टायर घातले की मीटर सुमारे साडेसहा टक्के कमी किलोमीटर दाखवतो. मीटरला हातही न लावता गाडी 'कमी चाललेली' होते.

सस्पेन्शन उंच केल्यावर प्रोपेलर शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, सांधे लवकर झिजतात आणि गाडी थरथरते. ब्रेकच्या होज पाइपांची लांबी तेवढीच राहिली असेल तर चाक पूर्ण खाली लोंबल्यावर ते ताणले जातात. सुरुवातीला उंच गाडी लागतही नाही. कंपनीच्या मूळ उंचीवरची, मूळ मापाच्या टायरची, दिसायला नीरस गाडी घेतली तर निदान आत काय आहे ते ताडता येतं.

ऑइलचं वेगळं सांगावं लागेल. डिफरन्शियलचा घों-घों आवाज दाबायला गरजेपेक्षा जाड ऑइल भरणं ही जुनी युक्ती. फिलर प्लग उघडून बोट घाला. पांढरट, दुधाळ ऑइल म्हणजे पाणी शिरलंय. तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते. ब्रीदर (एक्सलमधली हवा आत-बाहेर जायची वाट) बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी लेप असणं नेहमीचंच, पण धातूचा कपचा किंवा दात्याचा तुकडा सापडला तर पुढे बोलणी नकोत.

आणि फ्रेम. ताजा काळा रंग मारलेली फ्रेम बघून खूश होऊ नका. मागच्या एक्सलच्या वरचा भाग, स्प्रिंगचे हँगर, बॉडी माउंटच्या आजूबाजूची जागा छोट्या हातोडीने ठोकत जा. घट्ट पत्रा टणटणतो, गंजलेला भद्द वाजतो. खोके-आकाराची फ्रेम आतून गंजते, कारण चिखल आत साचून ओला राहतो. नावाजलेल्या गाड्याही सुटत नाहीत: २०१६मध्ये टोयोटाने अमेरिकेत पिकअप आणि एसयूव्ही मिळून सुमारे १५ लाख गाड्यांच्या फ्रेम-गंजाबद्दल मोठी तडजोड मान्य केली होती. हातोडी चालवतानाच चॅसिस नंबरही बघून घ्या. १७ अक्षर-अंकांच्या नंबरात इंग्रजीतली आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. नंबराभोवती वेल्डिंग, ग्राइंडरचे ओरखडे किंवा फक्त तेवढाच नवा रंग असेल तर गाडी तिथेच सोडा.

या गाडीच्या पावतीवर "जशी आहे तशी" एवढंच होतं. फोर बाय फोर चालू असल्याचा एक शब्द नव्हता. जाहिरात तोवर निघून गेली होती, तिचा स्क्रीनशॉटही कुणी ठेवला नव्हता. पुढे जुळणाऱ्या गुणोत्तराचा एक्सल शोधावा लागला, आणि या खेपेला तो बसवण्याआधी फेऱ्या मोजल्या. नुसतं क्राउन-पिनियन बदलणं जमलं असतं, पण त्यात शिम (पातळ चकत्या) घालून दात्यांमधली फट आणि बेअरिंगचा दाब बसवावा लागतो. तो हात प्रत्येक मेकॅनिककडे नसतो, आणि चुकलं की नवे दातेही लवकर खाल्ले जातात.

पैसे मोजण्याआधी पावतीवर एवढं लिहून मागा: "पुढच्या-मागच्या एक्सलचं गुणोत्तर एकच आहे, फोर एच आणि फोर एलमध्ये पुढच्या चाकांना ओढ मिळते." गाडी नीट असेल तर विकणारा गोंधळून का होईना, लिहून देतो. नसेल तर तो म्हणतो, "अहो, मी सांगतोय ना, रस्त्यावर लावून बघायचं नसतं." तेव्हा त्याला हो म्हणायचं आणि डिकीतून जॅक काढायचा.