जामीन, जमीन आणि दोन बुलेट ट्रेन

वापीच्या पुढे गाडी गेली की खिडकीतून बुलेट ट्रेनचे खांब दिसायला लागतात, आणि डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "चीनला काम दिलं असतं तर एव्हाना धावली असती." हे तपासून बघायला इंडोनेशियाचं उदाहरण हाताशी आहे. जकार्ता-बांडुंग मार्गासाठी जपान आणि चीन दोघेही रांगेत होते. सप्टेंबर 2015 मध्ये काम चीनला मिळालं. त्याच डिसेंबरात आपण मुंबई-अहमदाबादसाठी जपानशी करार केला.

इंडोनेशियापुढचे दोन प्रस्ताव गृहकर्जासारखे वाचावेत. जपान म्हणत होता, व्याज 0.1 टक्का, पण सरकारने जामीन राहायचं. चीन म्हणाला, व्याज 2 टक्के, जामीनदार नको, तुमच्या तिजोरीला धक्का नको. दोन्हीकडच्या कंपन्यांनी मिळून रेल्वे चालवायची, 60 टक्के वाटा तुमचा, 40 आमचा. तेव्हाचे अध्यक्ष जोको विडोडो यांना हेच हवं होतं. जामीनदारासाठी नातेवाइकांचे उंबरे झिजवलेल्या कुणालाही विचारा, तोही जास्त व्याज भरायला तयार होईल.

पण जामीनदार पुढच्या दाराने नाकारला, तो मागच्या दाराने आला. 2019 ला धावणार होती ती गाडी ऑक्टोबर 2023 मध्ये धावली. खर्च सात अब्ज डॉलरच्या वर गेला, ठरल्यापेक्षा सुमारे 1.2 अब्जाने जास्त, आणि वाढीव खर्चासाठी घेतलेल्या चिनी कर्जाचं व्याज 3.4 टक्के. 2021 मध्ये सरकारी तिजोरीतून पैसे द्यायची मुभा द्यावी लागली, 2023 मध्ये सरकारी हमीचीही. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या सरकारी रेल्वे कंपनीच्या प्रमुखांनी संसदेत या कर्जाला 'टाइम बॉम्ब' म्हटलं. ऑक्टोबरात अर्थमंत्र्यांनी तिजोरीतून हप्ते भरायला नकार दिला आणि नोव्हेंबरात अध्यक्ष प्राबोवो यांनी जबाबदारी आपली म्हणून सांगितलं. म्हणजे शेवटी सही सरकारचीच.

गाडी मात्र झकास आहे. 142 किलोमीटर, पाऊण तास, वेग ताशी 350. साध्या गाडीला तीन तास लागतात. पण शेवटचं स्टेशन तेगललुआर, तेही बांडुंग शहराच्या बाहेर. शहरात जायचं तर आधीच पाडालारांगला उतरायचं, फलाट बदलायचा आणि दुसऱ्या गाडीने पुढे जायचं. आणि जिथे 2016 मध्ये भूमिपूजन झालं त्या वालिनीला स्टेशन झालंच नाही! नारळ फुटला एकीकडे, गाडी थांबते भलतीकडे.

आता आपलं बघू. 508 किलोमीटर, 12 स्टेशनं, मूळ खर्च 1.08 लाख कोटी, त्यातले साधारण 81 टक्के जपानी कर्ज. व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं मुद्दल फेडायचं नाही. असं कर्ज घरच्या माणसाकडूनही मिळत नाही. पण त्याला शेपूट आहे: गाड्या आणि मोक्याचं तंत्रज्ञान जपानकडून घ्यायचं. त्यावरून घासाघीस इतकी लांबली, की सुरुवातीसाठी भारताने बंगळूरुच्या बीईएमएल या सरकारी कंपनीकडे ताशी 280 किलोमीटरच्या गाड्या मागवल्या. सप्टेंबर 2017 ला पायाभरणी झाली, 2023 ची मुदत उलटली, आणि आता गुजरातमधल्या पहिल्या टप्प्यासाठी ऑगस्ट 2027 सांगितला जातो.

उशिराचं खापर मात्र जपानवर फोडता येणार नाही. पालघरमध्ये चिकूच्या वाड्या आणि आदिवासींच्या जमिनी, विक्रोळीत कोर्टकज्जा, वांद्रे-कुर्ला संकुलात स्टेशनच्या जागेवर उभा असलेला पेट्रोल पंप. भूसंपादन पूर्ण झाल्याचं जानेवारी 2024 मध्ये जाहीर झालं. बीजिंगहून आलेल्या कंत्राटदारालाही सातबारा हाच बघावा लागला असता. इंडोनेशियातही चिनी काम जमिनीपाशीच अडलं होतं.

चीन एका बाबतीत सरळ पुढे आहे: दिसण्यात. गाडीवर कोमोडो ड्रॅगनची नक्षी, नाव 'वूश', कानाला लागेल असं. बालीच्या जी-20 परिषदेच्या वेळी शी जिनपिंग आणि विडोडो यांनी तिची चाचणी पडद्यावर एकत्र पाहिली. त्याच जकार्तात 2019 पासून धावणारी मेट्रो जपानी कर्जातली, रोजच्या उपयोगाची, पण तिचा एवढा गाजावाजा नाही. मुंबईत तरी काय? मेट्रो-3 आणि अटल सेतूमागेही जपानी कर्ज आहे. पुलावर गाडी थांबवून सेल्फी काढणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल?

तेव्हा कुणाला काय परवडेल? पुढच्या निवडणुकीआधी फीत कापायची असेल, जमीन हातात असेल आणि तोटा सोसायची तयारी असेल, तर चीन. धीर असेल आणि जामीन राहायची ऐपत असेल, तर जपान. मी जपानच निवडेन. तिथे जामीन राहायचंय हे पहिल्याच पानावर छापलेलं असतं.

व्हिएतनामने दोन्ही चाखून पाहिलंय. हनोईची 13 किलोमीटरची मेट्रो चिनी कर्जातली, काम 2011 ला सुरू, गाडी 2021 ला. हो ची मिन्ह शहराची सुमारे 20 किलोमीटरची जपानी कर्जातली, 2012 ते 2024. आता त्यांनी 1,541 किलोमीटरची, 67 अब्ज डॉलरची उत्तर-दक्षिण वेगवान रेल्वे मंजूर केली आहे, आणि सरकारचा भर मुख्यतः स्वतःच्या पैशावर आहे.