अरुंधतीत माया ठेवायची राहिली

मी मालिका बघत नाही, ऐकते. माझं शिलाई मशीन खिडकीपाशी आणि टीव्ही पाठीमागच्या भिंतीवर. साताऱ्यात बावीस वर्षं ब्लाउज शिवतेय, त्यामुळे कुठल्या मालिकेत कोण रडतंय, कोण दारामागून ऐकतंय हे मला मान न वळवता कळतं. संध्याकाळी सातनंतर बायका ब्लाउज न्यायला येतात, 'दोनच हुका राहिल्यात, बसा' म्हटलं की खुर्चीवर टेकतात आणि अख्खा भाग बघून उठतात. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कॉटवर. रिमोट त्यांच्या उशीखाली.

'आई कुठे काय करते!' आमच्याकडे अशीच पाच वर्षं चालली. २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, ३० नोव्हेंबर २०२४ ला संपली. यंदा आत्याबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने कुठे जायचं नाही म्हणून लेकीनं पुण्याहून येऊन मोबाइलचं अ‍ॅप टीव्हीला जोडून दिलं आणि त्यांनी ही मालिका पहिल्या भागापासून पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्यांदा ऐकताना मला ती दोन वेगळ्या बायकांची गोष्ट वाटली. पहिली मला फार आवडली. दुसरीनं मात्र वात आणला.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अरुंधती देशमुख, 'समृद्धी' बंगल्यातली सून. नवरा अनिरुद्ध, तीन मुलं, सासू कांचन, सासरे अप्पा. दिवसभर घरासाठी राबायचं आणि वर 'आई कुठे काय करते' हे ऐकायचं. अनिरुद्धचं ऑफिसातल्या संजनाशी प्रकरण आहे, ते लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हिला कळतं. मूळ गोष्ट बंगाली, 'श्रीमोयी'. हिंदीतली 'अनुपमा' तिचीच बहीण. पण मधुराणी प्रभुलकरनं ही बाई इतकी आपली केली की बंगाली-बिंगाली काही मनात येत नाही. तिचा आवाज! 'कवितेचं पान' करणारी बाई ती, शब्द कसा उच्चारायचा हे तिला कळतं. पाठमोरं बसून ऐकणाऱ्या माझ्यासारखीला त्याची किंमत जास्त.

पहिल्या काही महिन्यांतली अरुंधती कशी होती? घाबरट. नवऱ्याच्या गाडीचा आवाज आला की बोलणं अर्धं सोडणारी. चूक कुणाचीही असो, 'सॉरी' हिचं. मुलांना इतकं हातात देऊन ठेवलेलं की त्यांना तिची लाज वाटावी, आणि त्यात तिचाही वाटा होताच की! पैशाचं काही माहीत नाही, स्वतःच्या गाण्याचं काय झालं ते विचारायचं नाही. मला तिचा राग यायचा. मशीन थांबवून म्हणायचे, 'अगं बोल की!' आणि दुसऱ्या दिवशी साडेसातला आवाज वाढवा म्हणून आत्याबाईंना मीच सांगायचे.

ते पंचविसाव्या वाढदिवसाचे भाग चालू होते तेव्हा माझ्याकडे एका शिक्षिकाबाईंचा कटोरी ब्लाउज होता. ऐकता ऐकता मी उजवी बाही डाव्या मुंढ्याला लावली. खुर्चीवर बसलेल्या दोघींत तेव्हा जुंपली होती. एक म्हणाली, 'एका घरात राहून इतकी वर्षं हिला कळलं कसं नाही?' दुसरी, मंडईत भाजी विकणारी, पदरानं मान पुसत म्हणाली, 'कळतं गं. बघायचं नसतं.' त्यावर कुणीच काही बोललं नाही. मी बाही उसवत बसले. लेखिकेनं त्या बाईत एक भोक ठेवलं होतं, त्यातून खुर्चीवरची ही दोन वाक्यं आली. पुढच्या चार वर्षांत माझ्या दुकानात त्या मालिकेवरून असं बोलणं पुन्हा झालं नाही.

कारण पुढे अरुंधती सुधारली. सुधारावी, कुणाला नको होतं! घटस्फोट झाला, ती घराबाहेर पडली, गायला लागली, पायावर उभी राहिली. तिथपर्यंत आम्ही टाळ्या वाजवल्या. पण मग ती इतकी सुधारली की तिचं चुकेचना. मुलाचं बिनसलं, या आईकडे. लेकीचा संसार डळमळला, या आईकडे. ज्या सासूनं हिला बोल लावले तिचंही हिच्यावाचून पान हलेना. प्रत्येक भांडणाच्या शेवटी मागे तो सूर सुरू व्हायचा, आणि सूर आला की मला पाठमोऱ्या कळायचं, आता अरुंधती बोलणार, दोन मिनिटं बोलणार, आणि बरोबर बोलणार. बाकीचे खाली मान घालून ऐकणार. मी त्या दोन मिनिटांत बॉबिन, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याची रीळ, भरून घ्यायचे.

आत्याबाईंचं शिक्षण चौथी. गेल्या महिन्यात पाय उशीवर ठेवून त्या म्हणाल्या, 'तिचं काय चुकतच न्हाई गं. मग बघायचं काय?'

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, माया. शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात ते. बाई उद्या जाड होईल, बाळंत होईल, कापड आटेल, म्हणून बोटभर माया ठेवायची. ब्लाउज कितीही अंगाबरोबर बसला तरी आत माया नसेल तर दुसऱ्या वर्षी तो कपाटात पडून राहतो. अरुंधतीला लिहिणाऱ्यांनी अगदी अंगाबरोबर शिवली आणि आतली सगळी माया कापून टाकली. पुढे गोष्ट वाढवायची तर उसवायला जागाच नाही. मग काय करणार? बाहेरून संकटं आणायची. तिचा दुसरा नवरा आशुतोष, त्याच्यासारखा चांगला माणूस अपघातात मारायचा. (ओंकार गोवर्धनच्या त्या माणसात ऐकून घेण्याची जी सवय होती ती फार छान होती. त्याला मारला तेव्हा मी खरोखर चिडले.) नायिकेच्या हातून काही घडत नाही म्हटल्यावर तिच्यावर सारखं काहीतरी कोसळवत राहावं लागतं.

आणि यात झालं काय, तर मी संजनाची वाट बघायला लागले. हे मी दुकानात कबूल केलं नव्हतं. रूपाली भोसलेनं केलेली संजना खोटं बोलते, कट करते, दुसऱ्याच्या संसारात शिरते. पण तिला काहीतरी हवं असतं, आणि ते मिळवायला ती धडपडते, तोंडावर आपटते. अनिरुद्धशी लग्न करून त्या घरात आली तर तिला मिळालं काय? तिथे पाण्याच्या ग्लासापासून सगळं आधीच्या बाईच्या सवयीनं चालतं. तिचा स्वतःचा मुलगा निखिल, त्याचं काय हा वेगळाच प्रश्न. घर मोडणारी म्हणून आपण जिला शिव्या घालायच्या, तिचीच गोष्ट खरी वाटायला लागली. मिलिंद गवळींच्या अनिरुद्धचंही तसंच. माणूस नकोसा, पण तो खोलीत आला की पुढे काय होईल सांगता यायचं नाही. अरुंधती आली की सांगता यायचं.

आता कुणी म्हणेल, जान्हवी नव्हती का सद्गुणी? 'होणार सून मी ह्या घरची'मधली, २०१३ सालची. होतीच. मीही त्या वेळी जान्हवीच्या गळ्यातलं तीन पदरी मंगळसूत्र घातलेल्या किती गिऱ्हाइकांची मापं घेतलीत. पण जान्हवी नुसती चांगली होती, थोर नव्हती. नवऱ्याला 'काहीही हं श्री' म्हणताना ती वेडपट वाटायची, माहेरच्यांपुढे तिचं तोंड उघडायचं नाही, आणि समोर सहा सासवा, एकीचं एकीला पटेल याची खात्री नाही. तिच्या चांगुलपणाचा तिला त्रास व्हायचा, बक्षीस लगेच मिळायचं नाही. (पुढे ते स्मृतिभ्रंशाचं आणि न संपणाऱ्या बाळंतपणाचं काय केलं ते सोडून द्या. आमच्याकडे पोट घेऊन मापाला आलेली एक बाई बाळाचं बारसं करून झबली शिवायला आली, तरी जान्हवीचे दिवस भरले नव्हते.)

'अग्गंबाई सासूबाई'मधली आसावरी तर मला सगळ्यांत जवळची. निवेदिता सराफांच्या त्या बाईनं पोराला लाडावून पार बबड्या करून ठेवलं. मराठी मुलखात इतक्या शिव्या दुसऱ्या कुठल्या पोरानं खाल्ल्या नसतील. पण प्रत्येक बबड्याच्या मागे एक आई असते, हे त्या मालिकेनं लपवलं नाही. आमच्या गल्लीत तीन बबडे आहेत. त्यातल्या एकाची आई मालिका बघताना उठून पाणी प्यायला जायची. दोष आपल्यासारखा असला की बाई आपली वाटते, असं काहीतरी असेल. उलट 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका बघा. नागपूरकडचं ते ठसक्यातलं बोलणं, काटकसर, साधेपणा, काय गोड बाई! अनिता दातेनं जीव ओतला होता. तिला मसाल्यांच्या धंद्यातून ३०० कोटींची मालकीण केली आणि गोडी तिथेच आटली. शेवटी शेवटी लोक तिच्या नवऱ्याच्या प्रेयसीच्या, त्या शनायाच्या वेडगळपणासाठी बघत होते.

सगळा दोष लिहिणाऱ्यांवर ढकलत नाही. आठवड्याला सहा भाग द्यायचे, गुरुवारी टीआरपीचे आकडे येणार, नायिकेनं जरा वाकडं पाऊल टाकलं आणि आकडा घसरला तर कोण जबाबदार? आणि आम्ही तरी काय करतो? अरुंधतीनं आशुतोषशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा माझ्याच खुर्चीवर बसून बायकांनी नाकं मुरडली. 'या वयात?' 'मुलं मोठी झालीत की!' त्यात नऊवारीतल्या आजी होत्या तशा बँकेतल्या मॅडमही होत्या. माझ्या मते ते लग्न हीच दुसऱ्या अर्ध्यातली एकमेव जिवंत गोष्ट होती, कारण तिथे अरुंधती अडखळत होती, तिला स्वतःला काय हवंय ते नीट सांगता येत नव्हतं. मधुराणीचा आवाज त्या भागांत पुन्हा पहिल्यासारखा कापरा झाला होता. मी मान वळवून बघितलं, म्हणजे समजा.

तर बघावी का? घटस्फोटापर्यंत जरूर बघा, पाचपैकी साडेचार देते. अर्चना पाटकरांची कांचन आणि किशोर महाबोलेंचे अप्पा यांच्यासाठी एखादा सण-समारंभाचा भागही चुकवू नका. अप्पांचं बोलणं कमी असतं, पण ते खरं घरातलं असतं. तिथून आशुतोषच्या लग्नापर्यंत एक भाग बघा, चार सोडा, काही बिघडत नाही. त्यानंतरचं कामं करत ऐकण्यापुरतं ठीक, दोन देते. शेवटच्या वर्षी मालिका साडेसातवरून दुपारी अडीचला आणली होती, तेव्हा माझ्या दुकानात तिला मी आणि आत्याबाई दोघीच उरलो होतो. त्यातल्या एकीला बरेचदा झोप लागायची.

शेवटचा भाग लागला तो शनिवार होता. लग्नसराई, माझ्यापुढे अकरा ब्लाउज, त्यातले सात अस्तराचे. मशीन चालू, मागे सूर चालू. संपल्यावर आत्याबाईंनी टीव्ही बंद केला आणि रिमोट उशीखाली सारला.

'त्या संजनीचं काय झालं गं शेवटी?'

मला सांगता आलं नाही. मी नेमकी तेव्हा बॉबिन भरत होते.