गाठीची जीन टेस्ट केली (गर्भाशयाच्या तोंडाचा स्मॉल सेल कॅन्सर) – साडेतीन स्टार

मावशीला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला आणि तोही नेहमीचा नाही, स्मॉल सेल न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे ह्या जागेच्या शंभर कॅन्सरमध्ये एखाद-दुसरा असतो तो, आणि भयंकर वेगाने पसरणारा. डॉक्टरांनी गाठीची एनजीएस टेस्ट सुचवली, म्हणजे गाठीतल्या बऱ्याच जीन्समधले बदल एकदम वाचणारी. लॅब बाहेरच्या राज्यातली आहे, तक्रारी पण लिहिणार आहे म्हणून नाव टाकत नाही.

पहिलं म्हणजे ह्या टेस्टसाठी केमो अडवून ठेवू नका. आमच्या ऑन्कोलॉजिस्टनी आधीच सांगितलं की फुफ्फुसाच्या स्मॉल सेलला देतात तेच सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड सुरू करायचं, रिपोर्टमध्ये काहीही येवो, टेस्ट कशासाठी तर उद्या आजार परत आला तर दुसरा काही रस्ता आहे का ते बघायला.

सॅम्पल नवीन काढावं लागत नाही, बायोप्सीचा जो मेणाचा ब्लॉक असतो तोच जातो. तो सांगलीच्या पॅथॉलॉजीतून आपणच अर्ज देऊन सोडवायचा. पिकअप झकास, माणूस घरी येऊन घेऊन गेला. आणि मग आठवड्याने मेल की टिश्यू पुरेसा नाही! आता स्मॉल सेलच्या पेशी नाजूक, बायोप्सीच्या चिमट्यातच चिरडतात, वर निदान पक्कं करायला लागणाऱ्या सिनॅप्टोफिझिन, क्रोमोग्रॅनिनच्या स्टेनिंगला त्यातले बरेच काप आधीच संपलेले, हे सगळं मान्य. पण मायक्रोस्कोपखाली हे पहिल्या दिवशी दिसतं ना राव? पैसे आधी घ्यायचे आणि कळवायचं आठवड्याने. नशीब की दुसरा ब्लॉक शिल्लक होता. अर्धा स्टार इथेच गेला.

रिपोर्ट म्हणजे लांबलचक पीडीएफ, कामाचं पहिल्या दोन पानांत. केरास (KRAS, पेशींना वाढायचा इशारा देणारा जीन) मध्ये जी12डी हा बदल सापडला, टीपी53 आणि आरबी1 हे कॅन्सरला आवर घालणारे जीन मात्र ठीक. मी थोडंफार वाचलं होतं की फुफ्फुसाच्या स्मॉल सेलमध्ये हे दोन्ही जीन जवळजवळ कायम बिघडलेले असतात, मग वाटलं निदानच चुकलं की काय, रात्रभर डोक्याला ताप. रिपोर्टमध्ये ह्यावर एक ओळ नाही. लॅबच्या जेनेटिक काउन्सेलर मॅडमनी फोनवर नीट सांगितलं की ह्या कॅन्सरच्या मागे बहुतेक वेळा एचपीव्ही हा व्हायरस असतो, त्यातही 18 नंबरचा जास्त, आणि त्या व्हायरसचं ई6 प्रोटीन पी53 ला (टीपी53 जीनपासून बनणारं प्रोटीन) संपवतं आणि ई7 आरबीला निकामी करतं, म्हणजे जीन शाबूत पण त्याचं काम बंद. म्हणून इथे ते जीन रिपोर्टात ठीक दिसले तरी नवल नाही. खरं सांगू का, सगळ्या पैशात मला आवडलं ते हेच.

केरास म्हटल्यावर चुलतभावाने लगेच व्हॉट्सॲपवर पाठवलं की ह्याच्यावर गोळी आली आहे. आली आहे, सोटोरासिब, अमेरिकेत 2021 ला फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी मान्यता, पण ती जी12सी साठी, आमचं जी12डी. एका अक्षराचा फरक आणि गोळी उपयोगाची नाही. रिपोर्टमध्ये ट्रॅमेटिनिब ह्या दुसऱ्या औषधाचं पण नाव होतं, ते असंच आलेलं नाही, 2014 मध्ये टेक्सासच्या एमडी अँडरसनच्या डॉक्टरांनी ह्याच कॅन्सरच्या, केरास बदललेल्या एका पेशंटला ते देऊन चांगला फरक पडल्याचं छापलं होतं. पण एका बाईवरून किती धरून चालायचं? आमचे डॉक्टर म्हणाले लक्षात ठेवू, आत्ता नको. पुढची पानं परदेशातल्या ट्रायल्सची, सांगलीच्या माणसाने त्याचं काय करायचं ते लॅबलाच ठाऊक.

मावशीचा प्रश्न एकच होता, "माझ्या पोरींना होईल का हो मॅडम?" मॅडम म्हणाल्या, "काकू, केरासचा हा बदल गाठीतच झालाय, तुमच्याकडून मुलींकडे जात नाही." गाठीच्या टेस्टमध्ये बीआरसीएसारख्या, घराण्यातून येऊ शकणाऱ्या जीनचं काही निघालं असतं तर मात्र वेगळी रक्ताची टेस्ट करून खात्री करावी लागली असती. उलट पोरींनी एचपीव्हीची लस घ्यावी असं त्यांनीच सुचवलं, आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक आहे, त्यात 16 आणि 18 दोन्ही येतात. धाकटीचा पहिला डोस झाला पण.

पैसे बरेच लागतात आणि आमच्या मेडिक्लेमने हात वर केले, त्यामुळे डॉक्टरांना आधी सरळ विचारा की रिपोर्ट आला तर तुम्ही वेगळं काय करणार. उत्तर गोलमाल आलं तर थांबा. काउन्सेलरचा फोन पॅकेजमध्ये आहे का तेही विचारा, नसेल तर दुसरी लॅब बघा. आणि ब्लॉक परत मागून घ्या, आमचा बऱ्याच फोननंतर आला, पुढे पीडी-एल1 (इम्युनोथेरपीचा विचार करताना बघतात ती टेस्ट) बघायचं ठरलं तर तोच लागतो.