लेड झेपेलिन 4, दोन सीडींचा संच: दुसरी सीडी कोणासाठी?

गिटारच्या क्लासला येणारं दर दुसरं पोरगं पहिल्याच महिन्यात विचारतं, "सर, 'स्टेअरवे' कधी घेणार?" म्हणजे ब्रिटिश रॉक बँड लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन'. त्यामुळे बँडचा गिटारवादक जिमी पेजच्या देखरेखीखाली 2014 मध्ये निघालेला, त्यांच्या चौथ्या रेकॉर्डचा हा संच मला घ्यावाच लागला.

पहिली सीडी म्हणजे 1971 ची मूळ रेकॉर्ड, नव्याने मास्टर केलेली, म्हणजे जुन्या टेपवरचा आवाज पुन्हा नीट बसवलेली. इथे पैसे वसूल. 'स्टेअरवे टू हेवन'च्या सुरुवातीला चौथ्या तारेवरचं बोट सातव्या फ्रेटपासून (गिटारच्या मानेवरच्या सातव्या घरापासून) एकेक घर खाली येतं आणि त्याच वेळी पहिल्या तारेवरचा सूर वर चढतो. पोरं नेमकी इथेच अडखळतात. हेडफोनवर हे दोन्ही सूर इतके सुटे ऐकू येतात की, शिकवायचं माझं निम्मं काम होतं. मागे बँडचा बासवादक जॉन पॉल जोन्सचे रेकॉर्डर आहेत, साध्या लाकडी बासऱ्या. ड्रमर जॉन बोनमचे ड्रम चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात. आठ मिनिटांच्या गाण्यात एवढा धीर! पुढचा सोलो (एकट्या गिटारचा तुकडा) पेजने टेलिकास्टर या साध्या एका मानेच्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलाय. फोटोंतली दोन मानांची गिटार कार्यक्रमांसाठी होती. हे सांगितलं की पोरांचा चेहरा पडतो.

दुसऱ्या सीडीवर याच गाण्याचं लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंड स्टुडिओतलं मिक्स आहे, म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गायन तिथे एकत्र बसवलेलं. तिथे केलेली मिक्सिंग इंग्लंडला परतल्यावर बँडला पटली नाहीत, म्हणून एक गाणं वगळता सगळी पुन्हा केली. ऐकायला मजा येते, पण लागोपाठ लावल्याशिवाय फरक हाती लागत नाही, आणि लागला तरी मूळचंच बरं वाटतं. खरा माल वेगळाच आहे: 'गोइंग टू कॅलिफोर्निया' आणि 'द बॅटल ऑफ एव्हरमोर', दोन्ही गायनाविना, नुसती गिटार आणि मँडोलिन. वाजवणाऱ्याने सोबत बसून वाजवावं, अशी. वाजवत नसाल तर साधी एक सीडीच घ्या.

एक खंत मात्र आहे. याच रेकॉर्डमधलं 'फोर स्टिक्स' पेज आणि बँडचा गायक रॉबर्ट प्लँटने 1972 मध्ये मुंबईत, इथलेच वादक घेऊन वाजवलं होतं. ते इथे नाही, बँडच्याच 'कोडा' या दुसऱ्या रेकॉर्डच्या 2015 मधल्या संचात आहे. म्हणजे पुन्हा खिशात हात.