वाडीचं गोदाम, बुटीबोरीचा कारखाना आणि मधली सोप वेब सर्व्हिस: काही महिन्यांच्या वापरानंतर

नागपूरजवळच्या वाडीतल्या गोदामाचं स्टॉक सॉफ्टवेअर डॉटनेटवर, बुटीबोरी एमआयडीसीतल्या कारखान्याचं ईआरपी (सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) जावावर. गाडी भरली की चलानाची नोंद आपोआप पलीकडे जावी, एवढ्यासाठी सोप सर्व्हिस लावली, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांना एक्सएमएल (खुणांमध्ये गुंफलेला मजकूर) निरोप पाठवायची ठरलेली पद्धत. जोडणी पटकन झाली. डोकं खाल्लं ते उत्तर न आलेल्या निरोपांनी.

जमेची बाजू डब्ल्यूएसडीएलची, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन करणाऱ्या फाइलीची. ऑपरेशन्स, रकाने, त्यांचे प्रकार, सगळं त्या फाइलीत. एसव्हीसीयूटील हे टूल चालवलं की त्यातून डॉटनेटचे क्लास (कोडचे साचे) तयार. जावाचं तसंच टूल डब्ल्यूएसइम्पोर्ट मात्र आवृत्ती ११ पासून जेडीकेसोबत (जावाच्या मूळ संचासोबत) येत नाही, लायब्ररी वेगळी घ्यावी लागते. सोपची आवृत्तीही आधीच ठरवा. डॉटनेटमधलं बेसिकएचटीटीपी बाइंडिंग (जोडणीची सेटिंग) सोप १.१ पाठवतं, समोर फक्त १.२ चालत असेल तर ४१५ (‘हा प्रकार चालत नाही’) हा एरर येऊन काम थांबतं.

आता मुख्य दुखणं. डॉटनेटचा क्लायंट मुळात १ मिनिट थांबतो, मग टाइमआउट देतो. पण तोवर पलीकडे नोंद झालेली असू शकते, फक्त उत्तर पोचलेलं नसतं. ऑपरेटर पुन्हा बटण दाबतो आणि एकाच गाडीची दोन चलानं उभी राहतात. टाइमआउट वाढवून हे मिटत नाही. प्रत्येक निरोपाला पाठवणाऱ्यानेच एक क्रमांक द्यावा, पुन्हा पाठवताना तोच ठेवावा. ईआरपीच्या टेबलात त्या रकान्यावर युनिक इंडेक्स (एकच क्रमांक दोनदा न घेणारी अट) हवा. तोच क्रमांक परत आला तर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर द्यायचं. निरोप आधी गोदामाच्या डेटाबेसमध्ये लिहून मगच पाठवला, तर नेट गेलं तरी काही हरवत नाही. मे महिन्यात वीज किती वेळा जाते, हे नागपूरकरांना काय सांगायचं!

तारखांचं वेगळंच. टाइमझोन न लिहिता वेळ पाठवली आणि पलीकडचा सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) असेल, तर तो रात्रीचे ९ यूटीसीचेच धरतो आणि भारतीय वेळेत ती गाडी दुसऱ्या दिवशी पहाटे २:३० ला निघालेली दिसते. +०५:३० लिहाच.

डॉटनेटची एक खोडी कागदोपत्री सहज नजरेतून सुटते. ऐच्छिक आकडी रकान्यात वजन भरलं, पण सोबतचा ‘स्पेसिफाइड’ हा हो-नाहीचा रकाना ट्रू केला नाही, तर तो रकाना एक्सएमएलमध्ये जातच नाही. एररही नाही! महिन्याचा स्टॉक एकदम मागवला तर ६५,५३६ बाइटची मूळ मर्यादा आडवी येते, ती वाढवा. आणि एक्सएमएल हाताने जोडू नका; पार्टीच्या नावातलं एक & पूर्ण निरोप मोडतं.

५०० हा एरर क्रमांक आला म्हणजे सर्व्हर पडला, असं लगेच समजू नका. सोप १.१ मध्ये फॉल्ट (चूक झाल्याचं उत्तर) ५०० सोबतच येतो, कारण आतल्या मजकुरात असतं. म्हणून दोन्ही बाजूंना मूळ एक्सएमएल जपून ठेवायचं, नाहीतर भांडणात पुरावा नसतो.

दोन ठरलेल्या सिस्टिम्ससाठी ही व्यवस्था आम्ही ठेवणार. ड्रायव्हरच्या मोबाइल ॲपसाठी मात्र रेस्ट आणि जेसन ही हलकी पद्धतच बरी.