रंग काढायचे पैसे घेतले, रंग मात्र तसाच

रंगवलेल्या जुन्या फर्निचरला पुन्हा लाकडाचा लूक देऊन घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. रंग काढायचे पैसे घेऊन, रंग तसाच ठेवून, वरून तपकिरी स्टेन (लाकडात मुरून त्याला छटा देणारं द्रावण) फासण्याचा प्रकार माझ्या बाबतीत झालाय.

वस्तू म्हणजे आजीचं ड्रॉवरचं कपाट. भरीव लाकडाचं, पण वर कधीकाळी पांढरा ऑइल पेंट मारलेला. कारागिराशी बोलणं स्वच्छ झालं होतं: सगळा रंग काढून लाकूड उघडं करायचं, मग स्टेन, सीलर (छिद्रं बुजवणारा थर) आणि लॅकर (वरचा पारदर्शक संरक्षक थर). मजुरीतला मोठा भाग रंग काढण्याचाच होता, आणि त्यात गैर काही नाही. कष्ट तिथेच असतात. रिमूव्हर (रंग सोडवणारं रसायन) लावला की रंग फुगून सुरकुततो, तो पत्र्याने खरवडायचा. नक्षीतला, सांध्यातला रंग काढताना तर जीव मेटाकुटीला येतो. मग 80 नंबरच्या खरखरीत पॉलिश पेपरपासून 120, 180 करत बारीक 220 पर्यंत रेषांच्या दिशेने घासायचं. एवढं झालं की स्टेन लाकडात मुरतो. रंगावर लावला तर मुरणार कशात?

मध्ये त्याने उघड्या लाकडाचे फोटो पाठवले. कपाट घरी आलं, लांबून छान दिसलं. थोड्याच दिवसांत ड्रॉवरच्या कडेला नख लागलं आणि पापुद्रा सुटला. खाली तोच पांढरा रंग, चकचकीत. त्यावर पेपरसुद्धा फिरवला नव्हता! मग बारकाईने बघितलं. ज्या मला लाकडाच्या रेषा वाटल्या त्या ब्रशचे ओरखडे होते. वरच्या फळीच्या रेषा कडेवर येऊन तुटत होत्या. खऱ्या लाकडात त्या कडेवरून खाली उतरताना दिसतात. फोटो पुन्हा उघडले, तर फोटोतल्या ड्रॉवरला मुठीसाठी 2 भोकं होती. आमच्या ड्रॉवरला एकच आहे. म्हणजे फोटोही दुसऱ्याच कपाटाचे.

विचारल्यावर म्हणाला, "जुना रंग लाकडात शिरलाय, निघत नाही." हे साफ खोटं. छिद्रांत, कोपऱ्यांत पांढरे ठिपके राहतात हे खरं, पण अख्खा थर राहत नाही. नंतर त्याने फोन उचलणं बंद केलं.

रंगावरच लाकडाचा भास आणायची रीतही आहे. जुनी चमक घासून मारायची, फिक्या तपकिरी रंगाचा हात द्यायचा, वर जेल स्टेन (न मुरता वरच बसणारा घट्ट स्टेन) ओढायचा आणि लॅकरने बंद करायचं. खाली लाकूड नसून एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) असेल तर हाच मार्ग बरा. पण तसं आधी सांगावं आणि मजुरीही तेवढीच घ्यावी.

काम देताना "लाकूड उघडं झाल्यावर प्रत्यक्ष दाखवीन, मगच स्टेन" हे लिहून घ्या आणि पैशांचा मोठा हप्ता त्या टप्प्यावर ठेवा. बिजागरीमागचा भाग आणि ड्रॉवरच्या आतल्या कडा जरूर बघा, लपवाछपवी तिथे उघडी पडते. आणि फार जुना रंग कोरडाच घासू देऊ नका, त्यात शिसं असू शकतं; ती धूळ मुलांसाठी फार वाईट.

आमचं कपाट आता दुसऱ्या कारागिराकडे आहे. त्याला लॅकर, स्टेन आणि पांढरा रंग असे तिन्ही थर काढावे लागतायत, आणि त्याची मजुरी पुन्हा आम्हीच देतोय.