घरात रेंज नाही: वायफाय कॉलिंग की पोर्टिंग?

पुण्यात बाणेर-हिंजवडीकडच्या बऱ्याच नव्या उंच इमारती मायव्हानच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या असतात. आतल्या भिंतीही विटांच्या नाहीत, सळई घातलेल्या काँक्रीटच्या. म्हणून गॅलरीत खणखणीत चालणारा फोन आतल्या बेडरूममध्ये कटतो. यावर करण्यासारख्या गोष्टी दोनच, वायफाय कॉलिंग (टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून फोन) किंवा नंबर पोर्ट करणं (नंबर तोच, कंपनी दुसरी). (ऑनलाइन मिळणाऱ्या बूस्टरच्या नादी लागू नका. परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, वर शेजाऱ्यांची रेंजही बिघडते.)

वायफाय कॉलिंग फुकट आहे आणि सिमच्या सेटिंगमध्ये दोन मिनिटांत चालू होतं. खात्री करायची तर फ्लाइट मोड टाकून फक्त वायफाय चालू करा. फोन लागला म्हणजे जमलं. आवाज स्वच्छ येतो. ऑफिसच्या वायफायवर लागला नाही तर या कॉलला लागणाऱ्या नेटवर्कच्या वाटा, म्हणजे यूडीपी पोर्ट 500 आणि 4500, तिथे बंद असण्याची शक्यता जास्त. घरी वीज गेली की राउटर जातो, त्याला छोटा यूपीएस हवा.

खरी कटकट दाराशी आहे. बोलत बोलत चपला घालून बाहेर पडलात की फोन शेवटच्या क्षणापर्यंत वायफायला चिकटून राहतो. तो सुटताना कॉल फोरजीवर जायला हवा, पण फोरजी नाही म्हणून तर वायफाय घेतलं! पुढे काँक्रीटचा पॅसेज, मग लिफ्टचा पत्र्याचा डबा. कॉल तिथेच पडतो. बरं, 'मोबाइल नेटवर्कला प्राधान्य' निवडावं, तर घरात एका काडीला लोंबकळत बसतो. त्या दहा पावलांमुळेच माझा कल पोर्टिंगकडे आहे; ज्यांना घरात बसूनच बोलायचंय त्यांना कदाचित तितकं जाणवणार नाही.

पोर्ट करण्याआधी शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम आपल्याच फोनमध्ये घालून बघा. काड्या मोजू नका, प्रत्येक फोनचा हिशोब वेगळा. अँड्रॉइडमध्ये 'अबाउट फोन'मधल्या सिम स्टेटसमध्ये डीबीएमचा, म्हणजे सिग्नलच्या ताकदीचा आकडा दिसतो. उणे 95 च्या आसपास निवांत, उणे 110 ला रडगाणं. मधला फरक पंधराचा दिसतो, पण दर दहाला सिग्नल दहापटीनं घटतो. बेडरूम, बाथरूम, पॅसेज आणि पार्किंग, चारही ठिकाणी बघा. रात्री आठ-नऊला, टॉवरवर गर्दी असताना, दोन-चार कॉलही लावा.

जमलं तर PORT, मोकळी जागा आणि दहा आकडी नंबर असा मेसेज 1900 ला. येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा; तो आपल्याकडे चार दिवस चालतो. पोस्टपेडचं बिल आधी भरा, नाहीतर अर्ज अडतो. एकदा गेलात की 90 दिवस परत फिरता येत नाही, म्हणून वरची तपासणी टाळू नका.

सगळ्याच कंपन्या उणे 115 च्या पलीकडे निघाल्या, तर मात्र वायफाय कॉलिंगच. फक्त फोन चालू असताना लिफ्टकडे जायचं नाही.